नाशिकमध्ये घरचे ब्रॉडबँड बदलताना काय पाहावे

घरचे ब्रॉडबँड बदलायचे ठरले की बहुतेक जण आधी कंपनी निवडतात, मग प्लॅन आणि सगळ्यात शेवटी वायर कुठून येणार हे विचारतात. हा क्रम उलटा असायला हवा. एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत वर्षभर बिनबोभाट चालते आणि पलीकडच्या गल्लीत दर पावसाळ्यात चार-पाच वेळा बंद पडते. कारण मुंबईपासून नाशिकपर्यंतचे जाळे बहुधा सगळ्यांचेच बरे असते. खरा फरक पडतो तो चौकातल्या पेटीपासून घरातल्या बॉक्सपर्यंतच्या शेवटच्या काहीशे मीटरमध्ये.

वायर कुठून येते?

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्यानंतर बरीच वर्षे ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच येत होते. बीएसएनएलचे 'डेटावन' २००५ मध्ये आले तेव्हा २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. प्रत्यक्षात आज शहरात ३० एमबीपीएसपेक्षा कमी वेगाचा प्लॅन क्वचितच विकला जातो.

आता घरी येते ती काचेची तार, म्हणजे फायबर. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरने विभागली जाते आणि साधारण ३२ किंवा ६४ घरांना पोचते. जीपॉन या प्रचलित पद्धतीत या सगळ्या घरांना मिळून डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी सुमारे १.२५ जीबीपीएस क्षमता असते. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून हे गणित जमते. रात्री नऊ ते अकरा या वेळेत वेग घसरत असेल, तर त्या भागात ग्राहक क्षमतेपेक्षा जास्त झाले आहेत किंवा कंपनीने पुढची जोडणी अपुरी घेतली आहे असे समजावे. जोडणी घेण्याआधी शेजाऱ्याच्या घरी वेग तपासायचा तर तो याच वेळेत तपासावा. सकाळी अकराला केलेल्या चाचणीचा फारसा उपयोग नाही.

मुख्य केबल रस्त्याखालून गेली तरी घरापर्यंतची बारीक तार बहुतेक वेळा खांबांवरून, झाडांवरून, गच्च्यांच्या कठड्यांवरून येते. नाशिकमध्ये या दोन्हींना धोका आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठीची रस्त्यांची कामे, घरगुती गॅसच्या वाहिन्या, मलवाहिन्या अशा कारणांनी खोदकाम झाले की जेसीबीच्या एका फटक्यात अख्ख्या भागाचे नेट जाते. वरून येणाऱ्या तारांवर जूनमधल्या पहिल्या वादळात फांद्या पडतात. तार तुटणे कोणत्याच कंपनीला टाळता येत नाही. तुटल्यावर ती किती तासांत जोडली जाते, यावर कंपनी निवडावी.

म्हणून सगळ्यात उपयोगी चौकशी जाहिरातीत किंवा ॲपवर होत नाही. ती त्याच इमारतीत, निदान त्याच गल्लीत करावी लागते. प्रश्न दोनच: गेल्या पावसाळ्यात नेट किती वेळा बंद पडले, आणि तक्रार केल्यावर कोण आले, किती वेळाने आले? इंदिरानगरच्या मित्राचा अनुभव म्हसरूळला लागू पडेलच असे नाही.

कंपनी आणि केबलवाला

बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीला स्थानिक पुरवठादार असतात, आणि त्यांतले बरेच जण मूळचे केबल टीव्हीवाले. मोठ्या नावाखालीही अनेकदा स्थानिक भागीदारच काम करतो. बीएसएनएलच्या फायबर जोडण्यांची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी अशा भागीदारांकडेच असते. त्यामुळे 'मोठी कंपनी की केबलवाला' हा वाद तितकासा खरा नाही. रविवारी संध्याकाळी लाल दिवा लागला तर शिडी घेऊन कोण येणार, हे महत्त्वाचे. चांगला स्थानिक पुरवठादार या बाबतीत कॉल सेंटरपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो, कारण त्याचा माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो. मात्र तो माणूस गावाला गेला की त्याच्या जागी दुसरे कोणी असतेच असे नाही.

स्थानिक पुरवठादार निवडताना एक गोष्ट सोडू नये. जोडणी ग्राहकाच्या स्वतःच्या नावावर हवी आणि दर महिन्याला जीएसटी क्रमांक असलेले बिल हवे. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि १५ अंक-अक्षरांचा असतो. इंटरनेट सेवेचा परवाना केंद्राचा दूरसंचार विभाग देतो. 'अ' वर्गाचा परवाना देशभरासाठी, 'ब' वर्गाचा दूरसंचार मंडळापुरता आणि 'क' वर्गाचा साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता असतो. केबलवाल्याकडे स्वतःचा परवाना नसेल तर तो ज्या परवानाधारकाचा भागीदार आहे त्याचे नाव बिलावर असायला हवे. रोख पैसे आणि व्हॉट्सॲपवर 'रिसीव्हड' एवढ्यावर व्यवहार चालत असेल, तर भांडणाची वेळ आल्यावर हातात पुरावा काहीच राहत नाही.

फायबर घराच्या आत येते की गच्चीपर्यंतच, हेही विचारावे. काही ठिकाणी फायबर गच्चीवरच्या पेटीत संपते आणि तिथून खाली तांब्याची लॅन केबल सोडतात. याचे दोन तोटे आहेत. पेटीची वीज इमारतीच्या सामाईक मीटरवर असते, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट जाते. शिवाय जवळपास वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका थेट राउटरपर्यंत येतो. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

किती वेग पुरेसा?

सेल्समन ३०० एमबीपीएसपासून सुरुवात करतो. चौघांच्या घराला बहुतेक वेळा एवढा वेग लागत नाही. एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोरके दर्जाला १५ च्या आसपास आणि चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी ४ च्या आत. आई दिवाणखान्यात मालिका पाहते आहे, मुलगी हिंजवडीच्या ऑफिसची मीटिंग करते आहे, मुलाचा क्लास सुरू आहे आणि वडील फोनवर व्हिडिओ पाहत आहेत, असे सगळे एकदम चालले तरी ३० ते ४० एमबीपीएसमध्ये भागते. १०० चा प्लॅन घेतला की चिंता उरत नाही. त्यापुढचा वेग मोठ्या फाइल सतत चढवणाऱ्यांसाठी, व्हिडिओ संपादन करणाऱ्यांसाठी.

घरून काम करणाऱ्याने डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा विचारावा. फायबरच्या प्लॅनमध्ये तो सहसा डाउनलोडएवढाच असतो, हवेतून येणाऱ्या सेवेत मात्र बराच कमी असू शकतो. पिंगही पाहावा. नाशिक ते मुंबई रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन प्रवासाला दोनेक मिलिसेकंदच लागतात. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरूनही मुंबईच्या सर्व्हरला दहा-पंधरापर्यंत पिंग आला तर ठीक. रोज ६० किंवा ८० येत असेल तर डेटा कुठून तरी लांबून फिरून येतो आहे.

एमबीपीएसमधला 'बी' बिटचा असतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरते. त्यात फसवणूक काही नाही, हा आठाचा भागाकार आहे.

बिलातले बारकावे

जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ५०० चा प्लॅन ५९० ला पडतो. 'अमर्याद' म्हटलेल्या फायबर प्लॅनवरही महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा आढळते. एका तासाच्या एचडी चित्रपटाला साधारण ३ जीबी लागतात. ३३०० जीबी संपवायला ११०० तास पाहावे लागेल आणि महिन्यात तासच ७२० असतात. त्यामुळे ही मर्यादा घरगुती ग्राहकाला फारशी नडत नाही. हवेतून येणाऱ्या सेवेची मर्यादा मात्र साधारण १००० जीबी असते, तिच्याकडे लक्ष द्यावे. मर्यादेनंतर वेग किती राहील हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असा ट्रायचा २०१६ चा आदेश आहे.

खरा सापळा आगाऊ पैशांचा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बसवणुकीचा खर्च माफ होतो आणि एखाद-दोन महिने फुकट मिळतात. पण पहिल्या पावसाळ्यातच सेवा कोलमडली तर ग्राहक अडकतो. नव्या पुरवठादाराकडे आधी एक महिन्याचा, फार तर तीन महिन्यांचा प्लॅन घ्यावा, बसवणुकीचे हजारभर रुपये गेले तरी चालतील. राउटर विकत दिला आहे की वापरायला, हेही बिलावर लिहून घ्यावे.

वाडा, फ्लॅट आणि वायफाय

निम्म्या तक्रारी कंपनीच्या नसतात, भिंतींच्या असतात. जुन्या नाशिकातल्या वाड्यांच्या जाड दगड-मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ पार होत नाही, २.४ चा थोडाफार होतो. नव्या फ्लॅटमध्ये काँक्रीटच्या भिंती आणि शू-रॅकमागे लपवलेला राउटर हेच काम करतात. बसवायला येणारा मुलगा दाराजवळच बॉक्स ठोकून निघू पाहतो. त्याला थांबवून तार घराच्या मध्यभागापर्यंत न्यायला लावावी. फायबर तीव्र कोनात वाकवले की प्रकाश गळतो, म्हणून दारा-खिडकीच्या फटीत दाबून नेलेली तार मान्य करू नये.

काम झाल्यावर त्याला 'पॉवर किती येते?' असे विचारावे. तो उणे आकड्यात उत्तर देतो. उणे १५ ते उणे २३-२४ असेल तर छान. उणे २७ च्या आसपास असेल तर तार कुठेतरी दबली आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि तो त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा. पावसाळ्यात ही जोडणी बंद पडणार हे जवळपास ठरलेले असते. त्यानंतर लॅपटॉप वायरने जोडून वेग तपासावा. वायफायवरचा वेग हा घराचा वेग असतो, जोडणीचा नव्हे. वायरनेही ९५ च्या पुढे जात नसेल तर राउटरचे पोर्ट किंवा केबलच १०० एमबीपीएसची असू शकते.

महावितरणची वीज गेली तर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि मीटिंग तुटते. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

दुसरी जोडणी

घरून काम करणारे काही जण दोन कंपन्यांचे फायबर घेतात. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर झाड दोन्हींवर एकदमच पडते. राखीव जोडणी वेगळ्या वाटेने येणारी हवी. त्यासाठी फाइव्ह-जीवर चालणारे एअरफायबर किंवा निदान वेगळ्या कंपनीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा. मखमलाबाद, गिरणारेकडच्या मळ्यांमध्ये, जिथे फायबर पोचलेले नाही, तिथे एअरफायबर हीच मुख्य जोडणी ठरू शकते. मात्र टॉवर किती दूर आहे आणि मधे काय आहे यावर तिचा वेग ठरतो. बसवण्याआधी गच्चीवर त्याच कंपनीच्या फाइव्ह-जी फोनवर रात्री चाचणी करून पाहावी.

जुनी जोडणी तोडताना, आणि तक्रार करताना

मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी ब्रॉडबँडला नाही. नवी जोडणी आठ-दहा दिवस नीट चालल्यावरच जुनी बंद करावी. बंद करण्याची विनंती लेखी किंवा ॲपवरून द्यावी, बॉक्स परत केल्याची पोच घ्यावी आणि खात्यावरचे ऑटो-पे रद्द करावे. जुन्या कंपनीचा लँडलाइन क्रमांक बँकेत दिलेला असेल तर तो आधी बदलावा, कारण जोडणीबरोबर तोही जातो.

बिघाडाची तक्रार केली की तक्रार क्रमांक घ्यावा, नुसत्या फोनला किंमत नाही. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार वायरच्या जोडणीचा बिघाड दुरुस्त व्हायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागले तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळते. ती अनेकदा मागावी लागते. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पुढची पायरी म्हणजे दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष (१०६३) किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५). दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. तिथे बिले, तक्रार क्रमांक आणि तारखेसह वेगाचे स्क्रीनशॉट एवढी कागदपत्रे हाताशी असली की वकिलाशिवायही बाजू मांडता येते.