एल साल्वादोर : कॉफीचे राजकारण

मध्य अमेरिकेतील या चिमुकल्या प्रजासत्ताकात कॉफी हाच दीर्घकाळ राज्यसत्तेचा पाया होता. निळीचा व्यापार मंदावू लागला तेव्हा ज्वालामुखींच्या सुपीक उतारांवर कॉफीची लागवड वाढावी म्हणून सरकारने १८८१ व १८८२ च्या फर्मानांनी गावोगावच्या सामाईक जमिनींची वहिवाटच रद्द केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कसणारे असंख्य मूळ रहिवासी मळ्यांवरील मजूर बनले. कमरेला टोपली बांधून पिकलेली लाल फळे तेवढी वेचावयाची, दिवसाअखेर ती जोखून द्यावयाची आणि मजुरी म्हणून पुष्कळदा मळ्याच्याच दुकानात चालणारे बिल्ले पदरात घ्यावयाचे, अशी त्यांची स्थिती होती. १९२९ नंतर जागतिक भाव कोसळून मजुरी घटली. जानेवारी १९३२ मध्ये इसाल्को, नाहुइसाल्को, हुआयुआ या कॉफीच्या मुलखात उठाव झाला, तेव्हा जनरल मार्तिनेस यांच्या राजवटीने सूड असा उगविला की मृतांचे अंदाज दहा ते तीस हजारांपर्यंत जातात. याला बंदोबस्त नव्हे, कत्तलच म्हटले पाहिजे. वाचलेल्यांपैकी अनेकांनी भयाने आपला पोशाख टाकला, मुलांशी नाहुआत भाषा बोलणेही सोडले. पुढे १९८० मध्ये कॉफीची निर्यात सरकारी मक्तेदारीखाली आली. १९८९ मध्ये अध्यक्ष झालेले आल्फ्रेदो क्रिस्तियानी, जे स्वतः कॉफीचे बागायतदार होते, त्यांच्या कारकिर्दीत ती पुन्हा खाजगी व्यापाऱ्यांस खुली झाली.