बंगळुरूहून चीनला : हॉकी दौऱ्यांची बदललेली गणिते

परदेशात जाऊन प्रदर्शनीय सामने खेळणे ही भारतीय हॉकीची रीत ऑलिंपिकमधील प्रवेशाहूनही जुनी आहे. १९२६ मध्ये लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला आणि २१ पैकी १८ सामने जिंकून परतला. त्या संघात ध्यानचंद हा तरुण शिपाई होता. दोन वर्षांनी ऑलिंपिकसाठी निघालेला पहिला संघ मुंबईकडून ३-२ असा हरला आणि १० मार्च १९२८ रोजी ‘कैसर-ए-हिंद’ बोटीवर चढला. पैशाची चणचण एवढी होती की दोन खेळाडूंना मागेच ठेवायची वेळ आली होती. बंगालने पैसे उभे केले म्हणून ते निभावले. धक्क्यावर निरोप द्यायला तीनच माणसे होती.

बोटीच्या काळात दौऱ्याचा खर्च आणि दौऱ्यातले सामने ही एकाच वहीतली दोन पाने होती. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकचा प्रवास हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. संघाने कोलंबोत सिलोनच्या संघाला २०-० आणि १०-० असे हरवले आणि ३० मे रोजी बोट पकडली. पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून ती ६ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. पाच आठवडे डेकवर काढल्यावर पाय पुन्हा जमिनीला सरावायला वेळ लागतो, आणि उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी लॉस एंजलिस गाठल्याने तो मिळाला. स्पर्धेत भारताचे दोनच सामने होते. जपानवर ११-१ आणि अमेरिकेवर २४-१ असे विजय मिळाले, पण हिशेब मिटला नव्हता. न्यूयॉर्कहून इंग्लंड गाठून २ सप्टेंबरपासून पंधरवड्यात युरोपात नऊ सामने झाले. परतल्यावर खर्च भरून काढण्यासाठी सिलोन आणि भारतात आणखी सामने झाले. दौरा संपला तेव्हा ३७ सामन्यांत ३३८ गोल जमले होते आणि त्यांतले १३३ एकट्या ध्यानचंद यांचे होते. सुवर्णपदक जिंकलेल्या संघाला घरी येऊन प्रवासखर्चासाठी खेळावे लागले, ही गोष्ट विजयाच्या कथांमध्ये सहसा सांगितली जात नाही.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रवासाने प्रत्यक्ष निकालही बिघडवला. २७ जूनला मुंबईहून ‘रणपुरा’ बोटीने निघालेला संघ १० जुलैला मार्सेलला उतरला आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून अवघडत १३ तारखेला बर्लिनला पोहोचला. चारच दिवसांनी सराव सामन्यात जर्मनीने त्याला ४-१ असे हरवले. मग घाईघाईने दारा या खेळाडूला भारतातून विमानाने बोलावून घेण्यात आले आणि उपांत्य सामन्याआधी ते पोहोचले. अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला ८-१ असे हरवले.

विमानाने आठवड्यांचे दिवस केले, तशी जुनी सोयही गेली. वाटेवरच्या बंदरात सामना लावता येत असे, विमानतळावर लावता येत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि भारत त्या वेळी सातव्या क्रमांकावर घसरला. यापुढे नुसते मोकळे गवत पुरेसे राहिले नाही. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू किती वेगाने सरकतो हे प्रत्येक मैदानागणिक थोडे बदलते, म्हणून सामन्यांआधी काही दिवस तिथे सराव करणे भाग पडते.

या काळात दौऱ्यांची तयारी बंगळुरूत एकवटली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे शहर उन्हाळ्यातही सरावाला सोसते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे ज्ञानभारती परिसरातील दक्षिण केंद्र हे पुरुष आणि महिला अशा दोन्ही राष्ट्रीय संघांच्या शिबिरांचे मुख्य ठिकाण झाले. खर्चाची धास्ती सरकारी अनुदान आणि पुरस्कर्त्यांमुळे कमी झाली. बाकीच्या अडचणी मात्र उरल्या. हॉकी स्टिक विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. गोलरक्षकाचे पॅड, किकर आणि हेल्मेट यांची फुगीर बॅगही सामानातच टाकावी लागते. मधल्या विमानतळावर सामान चुकले, तर बाकीचे खेळाडू उसन्या स्टिकवर कसाबसा सराव करतील. गोलरक्षक मात्र बसून राहील.

चीनच्या बाबतीत यात आणखी भर पडते. २०११ ची पहिली आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी इनर मंगोलियातील ऑर्डोसला झाली. अंतिम सामना गोलशून्य राहिल्यावर भारताने पाकिस्तानला पेनल्टी स्ट्रोकवर ४-२ असे हरवले. २०२४ ची स्पर्धा हुलुनबुईरमध्ये होती. कागदावर हे एक शहर असले, तरी त्याचा विस्तार महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून मोठा आहे. सामने झाले ते त्याच्या पूर्व टोकाच्या मोरिन दावा भागात. तिथले दाऊर लोक पिढ्यान्‌पिढ्या हॉकीसारखा बेइकुओ हा खेळ खेळत आले आहेत, म्हणूनच चीनची हॉकी या आडबाजूला रुजली. भारताने अंतिम सामन्यात चीनला १-० असे हरवले. तिथे घड्याळ अडीच तास पुढे असते. तो फरक किरकोळ आहे. जड गेली ती वाट. २०२० पासून भारत-चीन थेट विमानसेवा बंद होती, त्यामुळे तिसऱ्या ठिकाणी विमान बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एक दौरा तर निघण्याआधीच मोडला. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी महिला संघ १४ ते २५ मार्च २०२० या काळात चीनमध्ये सामने खेळणार होता. कोरोनाच्या साथीमुळे ते रद्द झाले. पर्यायही सापडेना, कारण बहुतेक मोठे संघ प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गुंतलेले होते आणि भारताचा महिला संघ त्या लीगमध्ये नव्हता. खेळाडू बंगळुरूच्या शिबिरातच राहिले. मग टाळेबंदी आली आणि दोन्ही संघ जूनपर्यंत तिथेच अडकले. प्रो लीगमध्ये प्रवेश मिळाल्यावर २०२२ च्या सुरुवातीला भारतीय महिला चीनविरुद्ध दोन सामने खेळल्या खऱ्या, पण ते झाले ओमानमधील मस्कतला. भारताने ते ७-१ आणि २-१ असे जिंकले. साथीमुळेच एक वर्ष पुढे गेलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये हांगझोउला झाल्या. तिथे पुरुषांनी सुवर्ण आणि महिलांनी कांस्यपदक मिळवले.

सप्टेंबर २०२५ मध्ये महिला संघ आशिया चषकासाठी पुन्हा हांगझोउला गेला आणि अंतिम सामन्यात चीनकडून ४-१ असा हरला. थेट विमानसेवा त्यानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, कोलकाता आणि ग्वांगझोउ यांच्यात सुरू झाली.