वॉरंट ऑफिसर : विमानदलातील एक पद आणि त्याची स्मृती

विमानदलातून निवृत्त झालेली मंडळी एकत्र बसली म्हणजे युद्धाच्या गोष्टी निघतात, परंतु त्यांहून कितीतरी अधिक वेळा गोष्ट निघते ती तळावरच्या वॉरंट ऑफिसरची. १९६५ आणि १९७१ ही युद्धे ज्या तंत्रज्ञांनी धावपट्टीच्या कडेला उभे राहून पाहिली, ते युद्धाविषयी चार वाक्ये बोलून थांबतात. मानेवरचे केस अर्धा बोट वाढले म्हणून भर परेडमधून बाहेर काढले गेल्याचा प्रसंग मात्र ते हावभावांसह, पावलांच्या आवाजासह सांगतात. हे ऐकण्यास नागपूर सोयीचे आहे. फुटाळा तलावाच्या बाजूला वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमानदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे, आणि सेवा संपल्यावर ह्याच शहरात घर बांधून राहिलेले अनेकजण भेटतात. अशा कथनांना इतिहासाचे साधन म्हणून कितपत मोल द्यावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक भाषेचा अभ्यासक असल्यामुळे वाट शब्दांवरून काढली आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

'वॉरंट' हा शब्द मराठीला परका नाही. पण तो आला कचेरीतून आणि पोलीसचौकीतून. आपल्या कानाला वॉरंट म्हणजे पकडवॉरंट. पदनामात मात्र त्याचा मूळ अर्थ अधिकारपत्र असा आहे. राजाकडून कमिशन मिळाले तो अधिकारी आणि त्याहून कनिष्ठ अधिकारपत्रावर नेमला गेला तो वॉरंट ऑफिसर, असा हा भेद. इंग्लंडच्या आरमारात सुतार, तोफखान्याचा प्रमुख, शिडे व दोरखंड सांभाळणारा हे लोक ह्या प्रकारे नेमले जात. त्यांचा अधिकार त्यांच्या कसबातून आलेला होता; गलबताचे लाकूड कोठे कुजले आहे हे कप्तानापेक्षा सुताराला अधिक कळे. भूदलात ह्या पदाची परंपरा वेगळी. तेथे वॉरंट ऑफिसर म्हणजे सार्जंट-मेजरच्या वर्गातला, कवायत आणि शिस्त ह्यांचा धनी. १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटिश विमानदल स्थापन झाले ते भूदल आणि आरमार ह्या दोहोंच्या हवाई शाखा एकत्र करून. त्यामुळे कसब आणि कवायत ह्या दोन्ही वारशांची गाठ एकाच पदनामात पडली. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावयाची आहे.

भारतीय विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यातील भारतीय तंत्रज्ञांना 'हवाई सिपाही' असे नाव दिले गेले होते. ते पुढे टिकले नाही. ब्रिटिश विमानदलातील पदनामे जशीच्या तशी उचलली गेली. भूदलात तसे झाले नाही. तेथे हवालदार, सुभेदार ही नावे राहिली, जमादाराचा १९६५ मध्ये नायब सुभेदार झाला तोही त्याच शब्दकुळात. ह्याचा परिणाम मराठी कुटुंबांच्या बोलण्यात आजही दिसतो. सुभेदार म्हटले की मागे मल्हारराव होळकरांपासूनचा इतिहास उभा राहतो. ते आडनावही आहे. वॉरंट ऑफिसरला असा पूर्वज नाही. हुद्द्याचा दर्जा तोच असूनही शब्दाला आपल्या भाषेत वजन नव्हते. ते वजन माणसाने स्वतःच्या आवाजाने आणि मिशांनी भरून काढावयाचे होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

हवाई सिपाही ते वॉरंट ऑफिसर ही वाट चाललेल्यांत हरजिंदर सिंग ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. लाहोरच्या मॅक्लेगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा तरुण हवाई सिपाही म्हणून भरती झाला. १९४२ च्या ब्रह्मदेशातील मोहिमेत पहिल्या स्क्वाड्रनच्या विमानांची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि तेव्हा ते वॉरंट ऑफिसर होते. नंतर कमिशन मिळून ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि मेंटेनन्स कमांडचे प्रमुखही. कमांडचे मुख्यालय त्या काळी कानपूरला होते. ज्या कमांडचे निवृत्त सैनिक आज नागपुरात भेटतात तिच्या आरंभीच्या जडणघडणीवर अशा रीतीने एका जुन्या वॉरंट ऑफिसरचा हात फिरलेला आहे.

आता कथनांकडे वळू. त्यांतील वॉरंट ऑफिसर वरवर एकच वाटतो. काळजीपूर्वक ऐकले की तो दोन होतो. पहिला परेड मैदानावरचा, स्टेशन वॉरंट ऑफिसर. केस, बूट, पट्ट्याचे पितळ, खाटेवरच्या घडीची कड हे त्याचे राज्य. ह्याच्याविषयीच्या गोष्टी विनोदी असतात, एकमेकींसारख्या असतात, आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रातली गोष्ट व बंगळूरजवळच्या जलहळ्ळीची गोष्ट अदलाबदल केली तरी चालते. लोककथेचे अभ्यासक ज्याला फिरता कथाबंध म्हणतील तो हा.

दुसरा हँगरमधला. ह्याच्याविषयी कोणी हसून बोलत नाही. माझ्या परिचयाचे एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ इंजिनाच्या विभागात कॉर्पोरल होते. एका संध्याकाळी हत्यारांच्या पेटीत एक लहान पेचकस कमी भरला. त्यांच्या वॉरंट ऑफिसरने ते विमान तर सोडले नाहीच, पण त्या पाळीतल्या एकालाही जेवावयास जाऊ दिले नाही. पेचकस मध्यरात्रीनंतर सापडला, तो विमानात नव्हताच, एका अंगरख्याच्या खिशात होता. हे सांगताना गृहस्थांनी शिव्यांचा उल्लेख केला, पण शिव्या सांगितल्या नाहीत. त्या वॉरंट ऑफिसरचे नाव मी विचारले तेव्हा त्यांना ते आठवेना; ते सांगत राहिले ते फक्त त्याच्या सहीचे वळण.

सहीचे हे वळण लक्षात राहण्यास कारण आहे. विमानाच्या देखभालीची नोंद 'फॉर्म ७००' ह्या पुस्तकात होते. ज्याने काम केले त्याने सही करावयाची, ज्याने तपासले त्याने करावयाची, आणि मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये व्हॅम्पायर विमाने आली आणि जेट इंजिनांचे युग सुरू झाले, तेव्हापासून विसरलेल्या एका खिळ्याचीही किंमत बदलली, कारण इंजिन हवेबरोबर वाटेतील वस्तूही ओढून घेते. हँगरमधल्या वॉरंट ऑफिसरचा कठोरपणा हा ह्या पुस्तकातील सहीचा कठोरपणा आहे. परेडवरच्या वॉरंट ऑफिसरचा तसा नाही. त्याचे मूळ सार्जंट-मेजरच्या छडीत आहे. निवृत्तांच्या स्मृतीत मात्र दोघे एकमेकांत मिसळतात, आणि दुसऱ्याविषयीची कृतज्ञता पहिल्याच्या पदरात पडते. शिस्तीचे सरसकट गुणगान ऐकू येते ते बव्हंशी ह्या मिसळीतून.

भाषेचा एक विशेष येथे नोंदवावासा वाटतो. निवेदक मराठी असो, तो वॉरंट ऑफिसरही सातारचा किंवा अमरावतीचा असो, त्याच्या तोंडची वाक्ये कथनात नेहमी हिंदुस्थानीत येतात. तीही पंजाबी वळणाच्या, इंग्रजी नामांनी भरलेल्या हिंदुस्थानीत. एकदा मी मुद्दाम विचारले, तेव्हा ते दोघे खाजगीत मराठीतच बोलत असे उत्तर मिळाले. म्हणजे उद्धृत केलेले वाक्य हे उच्चारलेल्या वाक्याची नक्कल नसून पदाची नक्कल आहे. अशा वाक्यावर इतिहासकाराने शब्दशः विसंबू नये. ते प्रसंगाविषयी थोडे आणि पदाच्या धाकाविषयी पुष्कळ सांगते.

ह्या कथनांतील मौनही तितकेच बोलके आहे. ज्यांना ही शिस्त असह्य झाली, जे लवकर बाहेर पडले, ते निवृत्तांच्या मेळाव्यांना येत नाहीत. उरतात ते टिकलेले, आणि टिकलेल्याला आपला छळही उपकारक वाटू लागतो. किट तपासणी ही आज हसण्याची गोष्ट आहे. पण जानेवारी १९४६ मध्ये ड्रिग रोड येथे ब्रिटिश विमानदलाच्या सैनिकांनी काम बंद केले, त्याचे मूळ कारण घरी परतण्यास होणारा विलंब असले तरी ठिणगी पडली ती पोशाखी परेड आणि किट तपासणी ह्यांच्या हुकुमाने. पुढच्याच महिन्यात मुंबईला आरमाराचा उठाव झाला, तेव्हा भारतीय विमानदलातील सैनिकही संपात उतरले. ह्या संपाच्या गोष्टी बैठकीत आपण होऊन कोणी काढत नाही.

काळ थोडा आहे. १९६२ नंतरच्या मोठ्या भरतीत आलेले आता ऐंशीच्या घरात आहेत. शिवाय २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के पुढे घेतले जावयाचे आहेत. वॉरंट ऑफिसर घडावयास दोन दशकांच्या आसपास सेवा लागत असे. तो पुढे कसा घडेल हे पाहावयाचे आहे. आपल्या विभागातील जे विद्यार्थी ध्वनिमुद्रण करू इच्छितात त्यांनी गोष्ट विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : वर्ष कोणते, तळ कोणता आणि सांगणाऱ्याचा ट्रेड कोणता. ट्रेड कळल्यावाचून तो वॉरंट ऑफिसर मैदानावरचा की हँगरमधला हे ठरत नाही. आणि शक्य झाल्यास घरच्या बाईंनाही विचारावे, कारण पितळ चमकविण्याचा ब्रासो आणि बुटांचे पॉलिश पुष्कळदा त्यांनीच आणलेले असते.