चांदोलीचे रान आणि त्यातील गावे

निसर्गदर्शनाकरिता देशोदेशीची राष्ट्रीय उद्याने पाहत हिंडणारा एक नवा यात्रेकरू आपल्या सुशिक्षित वर्गात निर्माण झाला आहे. पूर्वी काशीहून परतलेला मनुष्य जसा गंगेचा गडू दाखवी, तसा हा ताडोब्याच्या वाघाचे छायाचित्र दाखवितो. त्याची हौस निर्मळ आहे आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्याची एक समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे मनुष्याचा हात न लागलेली भूमी, तेथे इतिहास संपतो व केवळ निसर्ग उरतो, असे तो मनोमन धरून चालतो. आमच्या वारणानगराच्या पश्चिमेस, वारणेच्या उगमाकडे पसरलेले चांदोलीचे उद्यान पाहिले असता ही समजूत फार वेळ टिकत नाही.

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथे सह्याद्रीच्या माथ्यावर एकमेकींस भिडतात, तेथे हे 317.67 चौरस किलोमीटरांचे रान आहे. 1985 साली ते अभयारण्य झाले, 2004 साली राष्ट्रीय उद्यान. पुढे 2010 साली कोयनेच्या अभयारण्याशी जोडून त्याचा सह्याद्री व्याघ्रप्रकल्प बनला आणि 2012 साली पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव गेले. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते. गवे, अस्वले, बिबटे, शेकरू यांचे हे घर. जांभळीच्या दाट झाडीतून बाहेर येताच एकाएकी उघड्या कातळाचे विस्तीर्ण सडे लागतात. हे सारे वर्णन कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेल. त्या पुस्तकांत सहसा न सापडणारा भाग पुढे आहे.

या रानाच्या पश्चिम कडेवर प्रचितगड उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोकणात शृंगारपूर. 1661 साली शिवाजीमहाराजांनी ते सुर्व्यांकडून घेतले. 1689 च्या आरंभी कोल्हापूरच्या बाजूस छावणी देऊन असलेला मुकर्रबखान सह्याद्री उतरून अकस्मात संगमेश्वरी पोहोचला व त्याने संभाजीमहाराजांस पकडले. त्या वाटेचा बिकटपणा मोगल दरबारच्या इतिहासकाराने मुद्दाम नमूद करून ठेवला आहे. वाट बिकट होती ती उगीच नव्हे. घाटमाथ्यावरचे रान हे त्या काळी राज्याचे चिलखत होते, आणि चिलखत म्हणूनच ते राखले जाई.

याला पुरावा आमच्याच प्रांतातला आहे. कोल्हापूर दरबाराचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाभोवतालची झाडी जतन करावी, तिला हात लावू देऊ नये, असे बजावलेले आहे. आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी त्याच ग्रंथात जी सूचना आहे, ती तर अधिक विचार करण्याजोगी आहे. आंबे-फणसांच्या झाडांस रयतेच्या इच्छेविरुद्ध हात लावू नये, कारण ही झाडे लोकांनी पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा तिचा आशय आहे. येथे अरण्य व रयत ही दोन परस्परविरोधी पक्ष म्हणून उभी केलेली नाहीत. झाडाला कोणीतरी धनी आहे आणि त्या धन्याचे दुःख राज्यकर्त्याने मोजले पाहिजे, ही जाणीव त्यात आहे.

राष्ट्रीय उद्यानाची कल्पना मात्र निराळ्या मुशीतून आली. अमेरिकेत 1872 साली यलोस्टोनचे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान निघाले. ती भूमी ओसाड असल्याचे चित्र पुढे रूढ झाले; प्रत्यक्षात टुकुडिका शोशोनी लोक तेथे राहत व शिकार करीत होते, आणि उद्यान झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांस तेथून काढून देण्यात आले. इंग्लंडात याच कल्पनेने वेगळा मार्ग घेतला. वर्ड्स्वर्थने आपल्या सरोवर-प्रांताच्या मार्गदर्शिकेत तो प्रदेश राष्ट्राची मालमत्ता मानावा असा विचार मांडला होता, व 1951 साली तो प्रांत राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु तेथील खेडी, मेंढवाडे, दगडी कुंपणे जागच्या जागी राहिली. किंबहुना मेंढपाळांनी घडविलेले ते निसर्गरूपच रक्षणीय ठरले. आमच्या पदवीधरांनी वर्ड्स्वर्थ पाठ केला, पण आमच्या कायद्याने अनुकरण केले ते यलोस्टोनचे. 1936 साली संयुक्त प्रांतात हेली उद्यान निघाले, 1955 साली ताडोबा. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्यास वाव दिला असला, तरी राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास सरसकट मज्जाव केला. ज्या डोंगरात गुरांवाचून माणूस जगतच नाही, तेथे याचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको.

चांदोलीत पाण्यानेही आपले काम केले. वारणेवर चांदोलीस धरण बांधले गेले. त्याच्या वसंतसागर जलाशयात सुमारे 34 अब्ज घनफूट पाणी मावते. खोऱ्यातील कित्येक गावे बुडिताखाली गेली, आणि जी पाण्याच्या वर राहिली त्यांतील बहुतेकांस पुढे अभयारण्याने उठविले. झोळंबी, रुंदिव, गोठणे ही नावे आता नकाशावर रानाची नावे म्हणून वाचावयाची. माणसे सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांच्या सपाट भागात वसविली गेली. नाचणी-वरीची शेती करणारा डोंगरी कुणबी, म्हशींच्या कळपामागे हिंडणारा धनगर, यांस उसाच्या मुलुखात आणून सोडले. जमीन मिळाली कोणास, न मिळाली कोणास, मिळाली ती कशी, हा वाद दशकानुदशके चालला आणि त्यापायी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे या लोकांनी कितीतरी वेळा ठाण मांडले.

वारणा ही एके काळी राज्याची सीमा होती. 1731 च्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांनी तिच्या पाण्याच्या रेघेवर आपली भावकी वाटून घेतली, ही गोष्ट शाळेतील मुलांसही ठाऊक असते. आमच्या काळात या नदीने दुसरी एक वाटणी केली आहे, तिची मात्र कोठे नोंद नाही. वरच्या खोऱ्यातील गावांनी घरे सोडली, खालच्या खोऱ्यात उसाचे मळे उभे राहिले. वारणानगराचा साखर कारखाना, दूधसंघ, शाळा-महाविद्यालये ही सहकाराची कमाई आहे आणि तिचा आम्हांस यथार्थ अभिमान वाटतो. प्रस्तुत लेखकाची भाकरीही त्याच कमाईतून आलेली आहे. परंतु या समृद्धीच्या जमाखर्चात झोळंबीचे खाते उघडावयाचे राहून गेले, हेही खरेच.

यावर कोणी म्हणेल, मग रान पुन्हा मोडावे काय? मुळीच नाही. माणूस उठल्यावर रानाने अंग धरले आहे, हे डोळ्यांनी दिसते. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याकडून एक वाघीण आणून या रानात सोडण्यात आली, ती उगीच नव्हे. वाघ नांदावा, वारणेचा उगम झाडीत राहावा, यातच खालच्या खोऱ्याचेही हित आहे. आमची तक्रार एवढीच, की हे रान अनादि काळापासून असेच होते असे दाखविणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. उद्यानात हिंडणाऱ्यास ‘जनीचा आंबा’ नावाचे एक ठिकाण दाखवितात. रान निर्मनुष्य, आणि आंबा जनीचा! ही जनी कोण, हे विचारल्याशिवाय पुढे जाणारा निसर्गप्रेमी आम्हांस अर्धाच पाहणारा वाटतो. शेवताईचे देऊळ तेथेच आहे. देवीस नवस बोलणारी माणसे असल्यावाचून देऊळ होत नाही.

वनखात्याने वाटांवर पशुपक्ष्यांच्या नावांचे फलक लाविले आहेत, तसे प्रत्येक गावठाणावर त्या गावाच्या नावाचा एक फलक लावण्यास फारसा खर्च येणार नाही. याहून मोठे काम आम्हां शिक्षकांचे आहे. ज्यांनी तिशी-चाळिशीत ती गावे सोडली, ते आता गाठोडे बांधून बसलेले वृद्ध आहेत. शेतांची नावे, पाणवठे, जत्रांचे मान, गुरांच्या वाटा, कोणाच्या परड्यात कोणता फणस होता, हे सारे त्यांच्या तोंडीच आहे. सरकारी दप्तरात फक्त क्षेत्रफळ सापडते. पुनर्वसित वसाहती येथून फार लांब नाहीत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांस हिंडण्यासाठी रान मोकळे असावे अशीही गरज नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असते; त्या दिवसांत म्हातारी माणसे घरीच सापडतात.