नदी, नाला आणि अधिकारक्षेत्र : मुंबई उपनगरातील २००५ चा महापूर व शासकीय समन्वयाचा प्रश्न

पुराचा इतिहास लिहिताना पावसाचे मान, मृतांची संख्या आणि मालमत्तेची हानी यांची नोंद सामान्यतः केली जाते. परंतु ज्या प्रदेशात पूर येतो त्या प्रदेशातील पाण्यावर कोणाचा अधिकार होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांत जो अनर्थ ओढवला, त्याचा उलगडा या दुसऱ्या प्रश्नाशिवाय होणे कठीण आहे. पाऊस निसर्गाचा होता. त्याला सामोरे जाणारी व्यवस्था मात्र शतकभराच्या प्रशासकीय घडामोडींतून तयार झालेली होती.

हा प्रदेश म्हणजे जुने साष्टी बेट. सहासष्ट गावांचा समूह या अर्थाच्या ‘षट्षष्टी’ शब्दापासून ते नाव आले, असे मानले जाते. ठाणे जिल्ह्यातील या बेटाचा दक्षिण भाग वेगळा काढून १९२० साली उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. पुढे १९५० साली महानगरपालिकेची हद्द वाढवून अंधेरी व घाटकोपर शहरात घेतले गेले आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड त्यात आले. १९९० मध्ये मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन कुर्ला, अंधेरी व बोरिवली या तीन तालुक्यांचा मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला व त्याच्या जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय वांद्रे येथे राहिले. अशा रीतीने एकाच भूमीवर दोन सत्ता नांदू लागल्या. रस्ते, गटारे, आरोग्य व अग्निशमन ही कामे १८८८ च्या अधिनियमाने चालणाऱ्या महानगरपालिकेकडे; जमीन, पंचनामे व आपद्‌ग्रस्तांना द्यावयाची मदत ही महसूल खात्याकडे. सुकाळात ही विभागणी कोणाला जाणवली नाही.

या दुहेरीपणाचा माग भाषेतही सापडतो. बोरिवलीच्या डोंगररांगांतून निघणाऱ्या दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्या पश्चिमेस खाडीला मिळतात. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांपासून मिठी निघते आणि साकीनाका, कुर्ला, कलिना या भागांतून माहीमच्या खाडीला जाते. तिची लांबी सुमारे १७.८ किलोमीटर आहे. मुलुंड व घाटकोपरचे पाणी बव्हंशी ओढ्यानाल्यांनी पूर्वेच्या ठाणे खाडीकडे वाहते. परंतु लोकव्यवहारात आणि बऱ्याच अंशी कार्यालयीन व्यवहारातही या प्रवाहांचा उल्लेख ‘नाला’ असाच होत राहिला. हा केवळ शब्दांचा सैलपणा नव्हे. नदीला काठ असतो, पात्र असते, पूररेषा असते. नाल्याला भिंत असते आणि पावसाळ्यापूर्वी त्यातील गाळ काढावयाचा असतो. प्रवाहाला नाला म्हटले की त्याचा पूर हा पूर उरत नाही, ‘पाणी तुंबणे’ होते, आणि पाणी तुंबल्यास जबाबदारी पर्जन्यजलवाहिन्यांच्या खात्यापुरती सीमित होते. ‘खाजण’ या शब्दाचेही तसेच झाले. भरतीचे पाणी सामावून घेणारी जमीन असा त्याचा अर्थ होता. भराव घालण्याजोगी पडीक जमीन असा त्याचा व्यवहार झाला.

मिठीच्या पात्राची वाटणी याहून बोलकी आहे. विमानतळाच्या धावपट्टीखालून जाताना तिला काटकोनात वळणे घ्यावी लागली. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उभारणीसाठी १९७७ पासून तिच्या मुखाजवळच्या खाजणांवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा नियोजनाधिकार आला. रेल्वेचे पूल, विमानतळाची भूमी, महानगरपालिकेचे रस्ते आणि काठावरच्या झोपड्या असे तिचे अनेक धनी होते. समग्र नदीचा धनी मात्र कोणी नव्हता.

धोक्याची सूचना मिळालेली नव्हती असे नाही. १९८५ च्या अतिवृष्टीनंतर सल्लागार नेमण्यात आले व १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल सादर झाला. तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी त्याची शिफारस होती. तिची अंमलबजावणी पुढील बारा वर्षांत फारच थोडी झाली. त्याच १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर राज्याने आपत्ती-नियोजनाचे काम हाती घेतले. तथापि १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगर वस्तीवर दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा उपनगरातील डोंगरउतारांचा प्रश्न उघड झाला होता.

२६ जुलै २००५ च्या दुपारनंतर पाऊस कोसळू लागला. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. सांताक्रूझला तर एकेका तासात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि दुपारी समुद्राला भरती होती. या आकड्यांतील तफावतीचा प्रशासकीय अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. निर्णय घेणारी कार्यालये, म्हणजे मंत्रालय व महानगरपालिकेचे मुख्यालय, दक्षिण मुंबईत होती, जेथे तो एक सामान्य पावसाळी दिवस होता. वीज गेली, दूरध्वनी व भ्रमणध्वनी बंद पडले, लोकलगाड्या थांबल्या, विमानतळ बंद करावा लागला. उपनगरात काय घडत आहे हे मुख्यालयास कळण्याचे मार्गच पाण्याखाली गेले. साकीनाक्याला दरड कोसळून पुन्हा साठांहून अधिक जणांचा बळी गेला. त्या रात्री लोकांना तारले ते शेजाऱ्यांनी, वस्तीतल्या तरुणांनी आणि अनोळखी माणसांना दार उघडणाऱ्या घरांनी. सैन्य व नौदल मदतीस आले. परंतु त्यांना कोठे धाडावे हे सांगणारी माहिती अपुरी होती.

माहितीचा अभाव किती घातक ठरू शकतो, हे दोन दिवसांनी दिसले. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची व समुद्र आत येत असल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना पाण्याने मारले नाही. विश्वसनीय शब्द देणारे शासन जवळ नव्हते, म्हणून ती गेली.

पुनर्वसनाच्या काळात दुहेरी सत्तेचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. गोठ्यांत बुडून मेलेल्या हजारो म्हशींची विल्हेवाट, कचरा आणि ऑगस्टमध्ये पसरलेला लेप्टोस्पायरोसिस ही महानगरपालिकेची कामे होती. नुकसानीचे पंचनामे महसूल खात्याचे. पंचनामा ही पद्धत गावाच्या मापाने घडलेली आहे. शेत, घर, गुरे आणि सातबारा यांची ओळख असलेला तलाठी तिच्या केंद्रस्थानी असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कागदपत्रे वाहून गेलेल्या कामगाराचे नुकसान त्या रकान्यांत बसविणे दुष्कर होते. ज्याच्याजवळ पुरावा उरला नाही त्याचीच हानी सर्वांत मोठी असावी आणि तीच नोंदीबाहेर राहण्याचा धोका असावा, हा या पद्धतीतील अंतर्विरोध होय.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २००५ मध्येच मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले होते. शासनाच्या कागदावर ‘मिठी नदी’ हे नाव ठळकपणे प्रस्थापित झाले ते या प्रसंगाने. परंतु प्रत्यक्ष काम पुन्हा वाटलेच गेले : वरचे ११.८४ किलोमीटर महानगरपालिकेकडे व मुखाकडील ६ किलोमीटर विकास प्राधिकरणाकडे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला. त्याने जिल्हा हा घटक मानला व जिल्हाधिकाऱ्यास प्रमुख केले. लातूर वा कोल्हापूरला ही योजना शोभते. जेथे नावा, पंप, रुग्णालये व अग्निशमन दल हे सारे पालिकेच्या हाती आहे, तेथे अधिकार एकीकडे व साधने दुसरीकडे अशी स्थिती होते. २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद करून आयुक्तास अध्यक्ष व जिल्हाधिकाऱ्यास उपाध्यक्ष केले. वीस वर्षांनी कायद्याने मान्य केलेली ही गोष्ट अंधेरी-कुर्ल्याच्या रहिवाशांनी एका रात्रीत अनुभवली होती.

१९६१ च्या पानशेत दुर्घटनेशी तुलना केल्यास प्रस्तुत प्रकरणाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. तेथे धरण फुटले व पुण्यात नदीला पूर आला. कारण बोट दाखवून सांगता येत होते. उपनगरांतील पुराला असे एक कारण नव्हते. म्हणूनच ‘समन्वय’ हा शब्द येथे कसोटीला लागतो. समन्वय म्हणजे अनेक खात्यांच्या बैठका नव्हेत. पाणी ज्या वाटेने जाते त्या संपूर्ण वाटेसाठी उत्तरदायी असणारी एक यंत्रणा, असा त्याचा अर्थ घ्यावा लागेल. नाल्याला पुन्हा नदी म्हणणे ही त्या दिशेने टाकलेली पहिली पायरी होती. नाव बदलल्यानंतर अधिकाराची विभागणी तशीच राहिली, तर ते नाव केवळ फलकापुरते उरते.