दवंडीपासून बॅटरीच्या कर्ण्यापर्यंत

जुन्या वस्तूंच्या बाजारात हाती धरून बोलावयाचा, बॅटरीच्या सेलवर चालणारा कर्णा अधूनमधून विक्रीस आलेला दिसतो. कोणी त्यास भोंगा म्हणतात, कोणी मेगाफोन. विकणारा तो जुनी गंमत म्हणून विकतो व घेणारा दिवाणखान्यात मांडण्यासाठी घेतो. आपल्या समाजाच्या शाळा, व्यायामशाळा व मंडळे यांच्या अडगळीत असे कर्णे अजूनही पडून असतील. त्यांची विल्हेवाट लावण्यापूर्वी समाजबांधवांनी त्यांचे पूर्ववृत्त जाणून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

खानदेशच्या गावगाड्यात सार्वजनिक वार्ता दवंडीने कळे. सारा भरण्याची मुदत असो, बाजाराचा दिवस बदललेला असो, की साथीच्या रोगाचा इशारा असो, चौकाचौकांत डफ वाजवून खड्या आवाजात हुकूम ऐकविला जाई. हे काम बहुतेक गावी महार वतनदारांकडे असे. पाटील-कुलकर्ण्यांनी सांगावे व त्यांनी ते गावास ऐकवावे. त्यात स्वतःचे एक अक्षरही घालण्याचा त्यांना अधिकार नव्हता. ऊन-पाऊस न पाहता करावयाच्या या राबणुकीचा मोबदला मात्र तुटपुंजा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनांविषयी विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने नष्ट झाली. ज्यांच्या आवाजावर गावाचा कारभार चाले, त्यांनाच गावाच्या बैठकीत बरोबरीने बोलण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट इतिहास सांगताना झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

आवाज दूर नेणाऱ्या कर्ण्याची कल्पना तशी जुनी आहे. सॅम्युअल मोरलँड या इंग्रज गृहस्थाने १६७० च्या सुमारास बोलण्याचा कर्णा तयार केला. त्याच दशकात आपल्या धरणगावी इंग्रजांची वखार होती; म्हणजे तो काळ शिवछत्रपतींचा होय. कर्ण्याची युक्ती साधी आहे. तोंडातून निघालेला आवाज चहूकडे विखुरतो. क्रमाक्रमाने रुंद होत जाणारी नळी त्यास एका दिशेस वळविते व त्याचा जोर बाहेरील हवेस नीट पोहोचविते. पत्र्याचा असा कर्णा मैदानावर व मिरवणुकीत पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु तो फुंकून बोलावयास छाती दणकटच लागे.

विजेने आवाज वाढविण्याचे यंत्र आले आणि ही अडचण दूर झाली. आपल्या देशात मोटवाने घराण्याच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीने राष्ट्रीय चळवळीच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविले. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये ते होते. याच पेढीचे नानिक मोटवाने यांना १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात अटकही झाली. आपल्या खानदेशात २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या प्रचारार्थ साने गुरुजी गावोगाव हिंडले. सभेचे विचार खेड्यातील सामान्य शेतकऱ्याच्या कानी पडावेत, ही त्या अधिवेशनामागील दृष्टी होती. परंतु त्या काळचे ध्वनिवर्धक काचेच्या दिव्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालत. ते दिवे तापविण्यासच पुष्कळ वीज खर्च होई. जेथे वीज नव्हती तेथे जड बॅटऱ्या वाहून न्याव्या लागत. साहजिकच ते यंत्र नेते व मोठ्या संस्था यांच्यापुरतेच राहिले.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रांझिस्टरचा शोध लागला. १९५४ साली जपानातील कोबे येथील तोआ कंपनीने विजेवर चालणारा हातातील कर्णा बाजारात आणला. ट्रांझिस्टरचा उपयोग होऊ लागल्यावर असे कर्णे हलके व दमदार झाले. पुढे भारतातही, दिल्लीच्या आहुजासारख्या कंपन्यांनी, ते बनविले. टॉर्चचे सेल घालावे, कळ दाबावी व बोलावे. कळ सोडताच यंत्र गप्प बसते, म्हणून सेल पुष्कळ दिवस पुरतात. कर्ण्याच्या पोटात नळी दुमडलेली असते, त्यामुळे आखूड यंत्रातही आवाजास लांब वाट मिळते.

या यंत्राने एक मोठे काम केले. जाहीरपणे बोलणे हे ना जन्माने ठरलेले ओझे राहिले, ना भरदार कंठाची मिरास. शाळेच्या मैदानावरील शिक्षक, यात्रेतील स्वयंसेवक, मोर्चातील शेतमजूर स्त्री, यांपैकी कोणीही ते हाती घ्यावे व हजार माणसांनी ऐकावे. तथापि कर्णा कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. जातीच्या मेळाव्यांत पुढच्या रांगेतील चार वजनदार मंडळी बोलतात व मागे बसलेल्या भगिनी ऐकतात, हे दृश्य आपणांस अपरिचित नाही. हुंडा व लग्नखर्च यांवरील ठराव ज्यांच्या संसारावर येऊन पडतात, त्यांच्या हाती कर्णा किती वेळा गेला, याचा हिशेब प्रत्येक शाखेने जमाखर्चाबरोबरच मांडावा.

आता विक्रीविषयी थोडे. असा कर्णा घेताना वरची चकाकी न पाहता सेलचे झाकण उघडावे. आत राहून गेलेले सेल फुटून त्यातील द्रव पाझरतो व पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. जुने कर्णे मुके होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. पट्ट्या घासून स्वच्छ केल्यास पुष्कळदा आवाज परत येतो. ज्यांच्याजवळ कर्णा आहे त्यांनी सेल काढून ठेवावेत, आणि तो कोणी, कोणत्या साली, कोणत्या कार्यासाठी घेतला, एवढे एका कागदावर लिहून त्यास बांधावे. घरोघरच्या जुन्या दप्तरांसाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्याच कार्याचे स्मारक आहे. कागदाविना वस्तू मोडीच्या भावाने जाते. विकावयाचाच झाला तर कर्णा अवश्य विकावा, परंतु त्याची हकीकत मंडळाच्या दप्तरी आधी नोंदवावी, अशी समस्त समाजबंधुभगिनींस विनंती आहे.