मराठवाड्यांतील आगगाडी आणि विलंबाचें मोल

एखादा नवा लोहमार्ग बांधावयास घेतला म्हणजे त्याच्या प्रगतीचे अहवाल प्रसिद्ध होऊं लागतात. भराव किती झाला, पुलाचे खांब किती उभे राहिले, रूळ कोठवर पोंचले, हे आंकडे त्यांत असतात. आणि शेवटीं बहुधा एक वाक्य असतें कीं, इंजिनें व डबे यावयास अद्यापि कांहीं अवधि लागेल. तें वाक्य वाचून आपण किंचित् हसतों आणि पान उलटतों. परंतु या छत्रपति संभाजीनगरांत बसून आमच्या प्रांताच्या आगगाडीचा गेल्या दीडशें वर्षांचा हिशेब मांडूं लागलें म्हणजे त्या वाक्यावर हसू येईनासें होतें. विलंब कोणाच्या चुकीनें झाला हा प्रश्न वर्तमानपत्रांचा आहे. विलंबाची किंमत कोणीं भरली हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती १८५३ सालीं. १८७० सालीं मुंबई व कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. त्या मार्गावरील मनमाड औरंगाबादेपासून अवघें सत्तर मैलांवर. दक्षिणेकडे वाडी ते हैदराबाद हा निजामी राज्यांतील रुंद रुळांचा मार्ग १८७४ सालीं सुरू झाला. म्हणजे उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक अशा दोन शिट्या वाजत होत्या, व मधला गोदातीरचा सर्व मुलूख बैलगाडीच्या चाकांवर चालला होता. वेरूळचीं लेणीं पाहावयास येणारा प्रवासी नांदगांवास उतरून टांग्यानें पुढें येई. औरंगाबादेंत सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी १८८९ सालीं उभी राहिली, तेव्हां गांवांत रूळ नव्हते. तिचीं जड यंत्रें कच्च्या वाटेनें ओढीत आणणाऱ्या बैलांची कल्पना वाचकांनींच करावी.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट असती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. पण याच काळांत १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ दख्खनवर कोसळला. दुष्काळांतील वाहतुकीची खरी अडचण अशी कीं, ज्या वर्षीं परप्रांतांतून धान्य आणण्याची निकड सर्वांत अधिक, त्याच वर्षीं वैरण व पाणी नसल्यामुळें बैल मरतात. सडक असते, गाडी असते, पण ती ओढावयास कोणी उरत नाहीं. आगगाडी धान्य आणते तशी तें बाहेर नेतेहि, आणि तिच्या येण्यानें दुष्काळ टळतो असें म्हणणें भाबडेपणाचें होईल; परंतु सत्तर मैलांवर धान्याचे डबे उभे असावेत व ते आपल्यापर्यंत येऊं नयेत, ही विवंचना तिनें खचित कमी केली असती. विलंबाचें मोल कोणीं भरलें, याचें पहिलें उत्तर येथें मिळतें.

मग हा मार्ग तेव्हांच कां झाला नाहीं? त्याचें एक कारण भांडवलाच्या रचनेंत सांपडतें. निजाम सरकारच्या हमीवर चालणारी रेल्वे कंपनी १८८३ सालीं लंडनमध्यें स्थापन झाली. हमीचा अर्थ साधा आहे. भागीदारांनीं पैसा द्यावा आणि धंदा चालो वा न चालो, ठरलेलें व्याज राज्याच्या खजिन्यांतून घ्यावें. त्याच वर्षीं चांद्याकडे नेण्याच्या रेल्वेची योजना पुढें आली, तेव्हां हैदराबादेंतील शिकलेल्या लोकांनीं तिच्या अटी जाहीर कराव्या अशी मागणी केली. त्या चळवळींतील अग्रणी अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना राज्याबाहेर घालविण्यांत आलें. सरोजिनी नायडू यांचे वडील म्हणून वाचक त्यांना ओळखतात. रेल्वेच्या करारांतील व्याजाचा दर किती, हें विचारल्याबद्दल एका शिक्षकास हद्दपारी मिळावी, ही गोष्ट आमच्या लोकजागृतीच्या इतिहासांत कोरून ठेवण्याजोगी आहे. ज्याचें व्याज निश्चित असतें त्याला घाई नसते. आणि ज्याला घाई असते त्या रयतेस करार वाचावयास मिळत नसतो. विलंबाचें बीज बहुतेक वेळां या दोन वाक्यांच्या मध्यें पडलेलें असतें.

अखेर हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे १८९९ ते १९०१ या अवधींत टप्प्याटप्प्यानें खुली झाली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या गांवांवरून हैदराबादेपर्यंत सुमारें ३९१ मैलांचा हा मार्ग. त्याचा परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा होता. एकट्या जालन्यास सरकी काढण्याचे नऊ कारखाने व गासड्या बांधण्याचे पांच प्रेस थोडक्याच दिवसांत उभे राहिले, आणि १९०१ सालीं औरंगाबाद जिल्ह्यांत या धंद्यावर १,०१६ माणसें काम करीत होतीं. जो कापूस पूर्वीं मोकळा भरून गाडीवाटेनें जाई, तो आतां गासडींत दाबून जाऊं लागला. ज्यांनीं तीस वर्षें वाट पाहिली त्यांना तीन वर्षांत हें सारें दिसलें. यावरून वाट पाहण्यांत काय गेलें याचा अंदाज बांधतां येतो.

परंतु या आनंदांत एक वैगुण्य होतें. हा मार्ग मीटर गेजचा होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर. मनमाडचा मुख्य मार्ग साडेपांच फुटांचा. रुंद माप डलहौसीच्या काळीं ठरलें. पुढें खर्च फार होतो म्हणून लॉर्ड मेयोच्या कारकीर्दींत, १८७० सालीं, हें लहान माप निघालें. काटकसरीच्या दृष्टीनें पाहतां तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. रुंद मार्गाचा हट्ट धरला असता तर कदाचित् आणखी वीस वर्षें येथें कांहींच आलें नसतें. पण वांचविलेला खर्च नाहींसा झाला नाहीं. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर गेला. जालन्याहून निघालेली प्रत्येक गासडी मनमाडला एका डब्यांतून उतरून हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यांत चढूं लागली. बांधणाऱ्यानें एकदां जें वांचविलें तें पाठविणाऱ्यानें रोज भरलें. प्रस्तुत लेखकाच्या बालपणींहि मुंबईस जाणें म्हणजे मनमाडला मध्यरात्रीं उठून, ट्रंक व वळकटी उचलून, एका गाडींतून दुसरींत जाणें असेंच होतें. घरांतील वडील माणसें त्याला ‘गाडी बदलणें’ म्हणत. रुळांच्या मापाचा इतिहास आपण अंगावर वाहत आहों हें त्यांच्या मनांतहि नसे.

याहून लहान मापाचा प्रयोग शेजारींच झाला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाचा इंग्रज एंजिनियर १८८२ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेंत नोकरीस आला. बार्शी ही व्यापाराची मोठी पेठ मुख्य मार्गापासून सुमारें एकवीस मैल दूर पडली आहे, हें पाहून त्यानें तेथें अडीच फूट रुंदीची हलकी रेल्वे घालण्याचा बेत केला. १८८७ च्या सुमारास त्यानें योजना मांडली. कंपनी स्थापन झाली १८९५ सालीं. आणि गाडी धांवली १८९७ सालीं. म्हणजे दहा वर्षांपैकीं आठ वर्षें कागदांत व परवानग्यांत गेलीं आणि बांधणीस लागलीं दोन. आजच्या कोणत्याहि प्रकल्पाचें वेळापत्रक उघडून पाहावें, हें प्रमाण फारसें बदललेलें दिसणार नाहीं.

कॅल्थ्रॉपची दूरदृष्टि दिसते ती इंजिनांच्या व डब्यांच्या बाबतींत. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये असा त्याचा नियम होता. म्हणजे रूळ हलके चालत, आणि तरीहि ओझें पुष्कळ वाहतां येई. लीड्स येथील किट्सन कंपनीकडून त्यानें इंजिनें करविलीं, दाबलेल्या पोलादाचे डबे बनविले, आणि तें सर्व जहाजावर चढविण्यापूर्वीं लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम रूळ घालून चालवून पाहिलें. इतर एंजिनियरांना बोलावून त्यांच्या देखत परीक्षा दिली. सहा हजार मैलांवरून येणारें इंजिन येथें उतरल्यावर वळणावर अडकलें तर तें परत पाठवितां येत नाहीं, हें तो ओळखून होता. दोष कारखान्याच्या दारांत सांपडला तर आठवडे जातात. मार्गावर सांपडला तर वर्षें. पुढें हीच रेल्वे १९०६ सालीं पंढरपूरच्या वारकऱ्यांच्या उपयोगी पडूं लागली, १९११ सालीं निजामी हद्दींतील लातुरास पोंचली, व १९२७ सालीं मिरजेपर्यंत जाऊन २०२ मैलांची झाली. तथापि कुर्डुवाडीस माल उतरविणें कांहीं सुटलें नाहीं. मनमाडला जें एक मीटरानें केलें, तेंच कुर्डुवाडीस अडीच फुटांनीं केलें.

निजामाच्या सरकारनें १९३० सालीं आपली रेल्वे विकत घेतली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ सालीं भारत सरकारकडे आली. मालक बदलले, माप तेंच राहिलें. मनमाडहून रुंद रूळ यावे ही मागणी गोविंदभाई श्रॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दीर्घकाळ लावून धरली, आणि ती पुरी होण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें. लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला तो २००८ सालीं. १९०० च्या एका काटकसरीची फेड करावयास औरंगाबादला नव्वद वर्षें लागलीं, आणि लातुरास १९११ पासून मोजल्यास जवळजवळ शंभर.

आजचें चित्र याच हिशेबाच्या पुढच्या पानावर आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरांच्या मार्गास १९९५-९६ सालीं मंजुरी मिळाली. बीडला गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे मराठवाडा मुक्तीच्या दिनीं. छत्रपति संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरांच्या एकेरी मार्गाशेजारीं दुसरा मार्ग घालण्यास २०२५ सालींच संमति मिळाली. आणि ज्या लातुरास कॅल्थ्रॉपची गाडी एकेकाळीं विलायतेहून आलेले डबे घेऊन पोंचली, त्याच लातुरास आतां रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना आहे. त्याचा पाया २०१८ सालीं घातला गेला, आणि १२० शयन गाड्यांचा करार एका रशियन कंपनीच्या भागीदारींत २०२३ सालीं झाला. पुढें शौचालयें किती, स्वयंपाकाची जागा कोठें, सामान कोठें ठेवावें, यांवर मतभेद होऊन २०२४ सालीं काम रेंगाळलें. कॅल्थ्रॉप असता तर त्यानें हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वीं सोडविले असते, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

यावरून निराश व्हावें असा माझा हेतु नाहीं. डबे उशीरा आले तर तो उशीर दिसतो, मोजतां येतो, त्याबद्दल बोलतां येतें. मापाची चूक, हमीचा करार, मंजुरीच्या टेबलावरचीं आठ वर्षें हा उशीर मात्र दिसत नाहीं, आणि म्हणूनच तो शतकभर टिकतो. पुढच्या वेळीं एखाद्या नव्या मार्गाच्या प्रगतीचा अहवाल हातीं आला म्हणजे भरावाचे मैल अवश्य पाहावेत. पण त्याबरोबर एवढेंहि विचारावें कीं, शेतकऱ्याचें पोतें एकदां चढल्यावर मध्यें न उतरतां बाजारास पोंचेल काय, आणि करार सर्वांस वाचावयास मिळेल काय. अघोरनाथांनीं तोच प्रश्न १८८३ सालीं विचारला होता.